सतरा वेळा न उकळलेलं प्रथिन

अन्याय ताईंवर झाला. गेल्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत. मी तिथे हजर होते. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण पुढे खोलीतल्या बऱ्याच जणांना ती आठवेनाशी झाली. मला आठवते.

ताईंचं नाव इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी त्या कशा आहेत ते सांगू द्या. 'अन्याय झाला' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे डोळ्यांना पदर लावलेली बाई उभी राहते. ती पुसून टाका. ताई म्हणजे चष्मा कपाळावर सरकवून, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची ट्यूब दिव्याकडे धरून, समोरच्याला एकच शब्द विचारणारी बाई.

"उकळलंत?"

बस. पुढे काही नाही. विचारलेला माणूस पीएच.डी. असो, परदेशातून परतलेला असो, गार पडायचा.

आमची प्रयोगशाळा एका विचित्र गोष्टीवर काम करायची. मी प्रकल्प साहाय्यक म्हणून लागले तेव्हा मला ती कोणीच धड सांगितली नाही. सगळे इंग्रजीतून भराभर बोलायचे आणि मी मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला पकडलं.

"कळलं का काही?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. बस इथे."

आणि त्यांनी डब्यातल्या आमटीवर बोट दाखवलं. वरती तेलाचा तवंग होता. "प्रथिन असतं पाण्यातलं. पेशीची भिंत असते तेलाची, चरबीची. पाण्यातल्या माणसाला तेलात जाऊन काम करायचंय, तर काय करेल? अंगाला तेलाचं शेपूट लावून घेईल. ते शेपूट म्हणजे फॅटी अ‍ॅसिड. शेपूट तवंगात रुतलं की प्रथिन भिंतीला चिकटलं. सुटलं की परत पाण्यात. एवढंच आहे सगळं. बाकीचे हे लोक उगाच घाम काढतात."

शेपटं दोन जातींची, हेही त्यांनीच सांगितलं. एक चौदा कार्बनचं, मिरिस्टिक. ते प्रथिन तयार होतानाच शिवून टाकलेलं असतं, सहसा जन्मभर निघत नाही. दुसरं सोळा कार्बनचं, पामिटिक. ते गंधकाच्या अणूवर नुसतं टाचणीनं टाचल्यासारखं. लागतं, निघतं, पुन्हा लागतं.

"म्हणजे बघ," ताई म्हणाल्या, "सर मिरिस्टिक. तू आणि मी पामिटिक."

ताई तेव्हा चौदा वर्षं तिथे होत्या. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटांवर. मध्ये एक दिवस खंड, मग पुन्हा टाचणी.

आता 'ताई' ह्या शब्दाविषयी. तुमच्याही संस्थेत असेल. पदवीवाल्या बायकांना मॅडम, बाकीच्यांना ताई. पदवीवाल्यांना सर, बाकीच्यांना मामा. ऐकायला किती प्रेमळ! मला वर्ष लागलं हे कळायला, की नात्यानं हाक मारली की हुद्द्यानं मारावी लागत नाही. ताई बी.एस्सी. होत्या, रसायनशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. मी चिडून हे बोलले तर त्या पिपेट पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे भाऊबीज नसते. नाहीतर ह्या सगळ्या भावांकडून ओवाळणी वसूल केली असती."

हडपसरहून निघायच्या, स्वारगेटला बस बदलायच्या, आणि नऊला पाच कमी असताना त्यांचा पांढरा कोट अंगावर असायचा. ट्यूबवर नाव झाकणावरही लिहायचं आणि पोटावरही, पूर्ण लिहायचं, हा त्यांचा दंडक. मी एकदा 'न-१, न-२' असं लिहिलं. त्यांनी चारही ट्यूबा माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या. "उद्या तू आली नाहीस तर ह्या कोणाच्या?" माझा अख्खा दिवस गेला. राग आला. पण नंतर मी कधी अर्धं नाव लिहिलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

आमच्याकडे सांगोल्याचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. ताई त्याला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायच्या.

"अहो ताई, अजून झालो नाही."

"होशील. आधी जेली नीट ओत, गळतीय."

डॉक्टरचा विषय हिवतापाच्या जंतूतलं एक प्रथिन. त्याला सोळा कार्बनचं शेपूट लागत असणार असा सरांचा होरा. शेपूट दिसावं म्हणून त्यावर चमकणारा रंग बसवायचा, प्रथिन जेलीच्या पातळ पट्टीतून वीज लावून पळवायचं, आणि यंत्राखाली बघायचं. शेपूट असेल तर एक चमकती रेघ. आठ महिने डॉक्टर बघत होता. आठ महिने काळोख. आधी कुणीतरी परदेशात छापलेलंही होतं की ह्या प्रथिनावर चरबी नाही. सर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसलं नाही तर विषय बदल. विषय बदलणं म्हणजे त्याची तीन वर्षं पाण्यात. शिष्यवृत्ती संपत आली होती. तो जेवायचा बंद झाला होता. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही, त्याचा डबा मी खात होते.

मग एकदा नमुने गरम करायचं यंत्र बिघडलं. ते दुरुस्तीला गेलं, आणि डॉक्टरनं नमुने नुसत्या कोमट पाण्यात धरून पट्टीत घातले. त्या दिवशी यंत्राखाली केसाएवढी एक रेघ दिसली.

"घाण आहे," डॉक्टर म्हणाला आणि फोटो पुसायला निघाला.

"थांब," ताई म्हणाल्या.

इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत प्रथिन जेलीत घालण्याआधी उकळतात. मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं एक घाणेरड्या वासाचं, गंधकाचं द्रावण घालायचं, पंचाण्णव डिग्रीला पाच मिनिटं ठेवायचं. का, ते कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी सिनियर शिकवतो, तुम्ही पुढच्या वर्षी ज्युनियरला शिकवता. आंघोळ करून देवाला नमस्कार करावा तसं. डॉक्टर तर मर्कॅप्टो दुप्पट घालायचा. कशाला? "सेफ साइड."

ताईंनी फोटो पुसू दिला नाही. दुरुस्त होऊन आलेलं यंत्र त्यांनी वापरलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून, त्यांनी एकाच नमुन्याच्या दोन ट्यूबा केल्या. एक उकळलेली, एक न उकळलेली. मग मर्कॅप्टो घालून आणि न घालता. मग साठ डिग्री, मग चाळीस, मग नुसती खोलीची हवा. तीन आठवडे. सतरा वेळा. आणि शेवटी ज्यात रेघ दिसली त्या नमुन्यावर शेपूट सोडवणारं औषध घालून रेघ परत घालवून दाखवली.

"ही का घालवली?" मी विचारलं. "मोठ्या मुश्किलीनं दिसली होती."

"दिसलं म्हणजे खरं होत नाही. काढून दाखवता आलं पाहिजे. नाहीतर डॉक्टर म्हणतो तशी घाणही असू शकते."

सगळं त्यांनी एका लांबट वहीत लिहिलं होतं, खाकी कव्हर घातलेल्या. मराठीत. मला ती पानं अजून डोळ्यांपुढे दिसतात. 'न उकळलेलं, मर्कॅप्टो नाही: चमक. न उकळलेलं, मर्कॅप्टो आहे: अंधुक. उकळलेलं, मर्कॅप्टो आहे: काळोख.' खाली तारीख, वेळ, पूर्ण सही.

सतराव्या वेळेनंतर त्यांनी डॉक्टरला बोलावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"उकळलंत?"

"हो ताई, रोजच. सगळेच उकळतात."

"मग शेपूट राहील कसं, बाळा? गंधकावर टाचलेलं आहे ते. तू वरून दुसरं गंधक ओततोस, तेही दुप्पट, आणि जाळ लावतोस. आठ महिने तू चरबी शोधत नव्हतास. आठ महिने तू ती काढून टाकत होतास."

डॉक्टर जमिनीवर बसला. खरोखर बसला, फरशीवर, सेंट्रिफ्यूजच्या शेजारी. ताईंनी त्याच्यापुढे स्वतःचा डबा सरकवला. "खा आता. भाजी गार झालीय, उकळून मिळणार नाही."

पुढे कळलं की असं शेपूट उकळताना निघू शकतं हे जगात इतरत्र काही लोकांना माहीत होतं. कबूल. आमच्याकडे कोणालाच नव्हतं. आणि हे प्रथिन इतकं नाजूक, की जिथे दुसरी साठ डिग्री सोसतात तिथे हे सोसत नाही, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी चरबी नाही म्हणून छापलं, त्यांनीही उकळलं होतं! हडपसरच्या एका बाईनं डब्याच्या वेळेत ते दुरुस्त केलं. अभिमान वाटायला आणखी काय लागतं?

आता तो सोमवार. सरांनी पेपरचा मसुदा वाटला. वर सात नावं. दुसरं नाव एका पाहुण्या प्राध्यापकांचं, जे पंधरा दिवस आले होते आणि त्यातले बारा दिवस लोणावळा, सिंहगड करत होते. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार'. कर्मचाऱ्यांचे. नाव तिथेही नाही.

"चला," सर म्हणाले, "आता ताईंकडून पेढे!"

सगळे हसले. ताईंनी मसुदा शेवटच्या पानापर्यंत वाचला. घाई नाही.

"सर, एक नाव राहिलंय."

"कोणाचं?"

"माझं."

सर वाईट माणूस नाहीत, हेही लिहून ठेवते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते खरोखर गोंधळले होते. म्हणाले, "अहो ताई, तुम्ही तर घरच्याच."

"घरच्यांचं नाव रेशनकार्डावर असतं, सर."

"तसं नाही हो. लेखक म्हणजे बौद्धिक योगदान लागतं. तो एक सुखद अपघात होता. यंत्र बिघडलं, आणि..."

"अपघात एकदा होतो, सर. मी सतरा वेळा केलाय. वही आणू?"

"बघू," सर म्हणाले.

पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी त्या संध्याकाळी काय केलं? मला जे येतं ते. कॉलेजात शिष्यवृत्तीच्या आंदोलनात मी पत्रकं लिहायला शिकले होते. पत्रक लिहिलं, अप्पा बळवंत चौकात जाऊन तीनशे प्रती काढल्या. मथळा, 'चरबी सापडली, नाव हरवलं!' खाली ताईंचं पूर्ण नाव, ठळक, आणि सगळी हकीकत. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन विजयी मुद्रेनं त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाचलं. "'हरवलं' कसं? छत्री हरवते. हे काढलंय."

"बदलते."

"आणि मला विचारलंस?"

मी तीनशे लोकांना सांगायला निघाले होते, एका माणसाला विचारलं नव्हतं. चळवळीत आम्ही हे फार करतो, आणि स्वतःवर खूश होतो.

"माझं नाव तुझ्या पत्रकावर आलं की मी बिचारी होते," ताई म्हणाल्या. "त्या पेपरवर आलं की मी लेखक होते. मला दुसरं हवंय. तिथे येईपर्यंत कुठेच नको. तुझ्या तोंडीसुद्धा नको."

मग आम्ही दोघी कँटीनच्या मागच्या टेबलावर बसलो. पत्रकं फेकणं त्यांना मान्य नव्हतं. मजकूर खरा होता, कागद चांगला होता. काळा मार्कर घेऊन त्यांनी स्वतःचं नाव खोडायला सुरुवात केली. पट्टी लावून. तीनशे वेळा. मी हातानंच ओढत होते तर म्हणाल्या, "सरळ ओढ गं, खाली अक्षरं दिसतायत."

त्याच टेबलावर त्यांनी सांगितलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. वडील टपाल खात्यात पत्रं लावायचे. ताईंना शाळेत घालताना मास्तर आडनाव गाळून लिहू लागले, म्हणाले, मुलीला पुढे त्रास नको. वडील म्हणाले, "त्रास आम्ही बघू. तुम्ही नाव पूर्ण लिहा." हे सांगताना त्यांचा मार्कर थांबला नाही. माझा थांबला.

पेपर छापून आला. सात नावांनी. मी संस्थेबाहेर खोडलेलं पत्रक वाटलं आणि दोन महिन्यांत माझं कंत्राट संपलं, त्याचं दुःख नाही.

डिसेंबरात डॉक्टरची शेवटची जाहीर परीक्षा होती. कोणीही येऊन बसू शकतं, म्हणून मी गेले. ताई मागच्या रांगेत होत्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, निळी साडी नेसून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "ह्या प्रथिनावर चरबी नाही असं आधी छापलेलं आहे. तुम्हाला कशी दिसली?"

डॉक्टरकडे त्याचं चित्र तयार होतं. तो ते दाखवू शकला असता. त्यानं पडद्यावर खूण करायचा हातातला लाल दिवा बंद केला.

"मॅडम, ह्याचं उत्तर माझं नाही. ज्यांचं आहे त्या मागे बसल्यात." आणि त्यानं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट. पुढे 'मॅडम' लावून.

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. काहींना तर हे नाव कोणाचं तेच कळेना. चौदा-पंधरा वर्षं ताई म्हणत होते ना!

त्या उभ्या राहिल्या. "मराठीत सांगितलं तर चालेल?"

"चालेल की," परीक्षक बाई म्हणाल्या. "मी नागपूरची आहे."

ताई फळ्यापाशी गेल्या. दहा मिनिटं बोलल्या. प्रथिन काढलं, गंधक काढलं, शेपूट काढलं, आणि दुसरं गंधक येऊन ते कसं ओढून नेतं ते दाखवलं. कमी-जास्त एक शब्द नाही. परीक्षक बाईंनी खोचक विचारलं, "पण ती रेघ म्हणजे घाण नव्हती कशावरून?"

"काढून दाखवली, मॅडम."

परीक्षक बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. मी बघितलं. मग त्या सरांकडे वळल्या. "ह्या लेखकांत कितव्या आहेत?"

सर मोबाइलकडे बघत होते. म्हणाले, "ते आम्ही बघतोय."

मी आयुष्यात बरेच मोर्चे काढले, बऱ्याच घोषणा दिल्या. त्या दहा मिनिटांइतकी छाती माझी कधी फुगली नाही. आणि मी तर नुसती खुर्चीवर बसले होते.

छापलेल्या पेपरात राहिलेलं नाव नंतर घालता येतं. त्यासाठी मासिकाला एक पत्र जावं लागतं, सगळ्या लेखकांच्या सह्यांचं. डॉक्टरनं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र तयार केलं आणि पहिली सही केली. मग एकेक करत आणखी चार आल्या. पाच झाल्या. दोन राहिल्या. सर म्हणतात, पाहुण्यांनी केली की मी करतो. पाहुणे म्हणतात, सरांनी केली की मी करतो.

एकतीस मार्चला ताईंचं कंत्राट संपलं, ह्या वेळी खंडानंतरचं पत्र आलं नाही. प्रकल्प पूर्ण झाला असं कारण दिलं. प्रकल्प पूर्ण कोणामुळे झाला हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. आता त्या हडपसरलाच एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त तपासतात, घरापासून चालत जातात. त्यांच्या जुन्या टेबलासमोरच्या भिंतीवर, डॉक्टर सांगतो, एक कागद प्लास्टिकमध्ये घालून लावलाय. त्यांच्या वहीतल्या त्याच ओळी, इंग्रजीत. नवे विद्यार्थी त्यावर बोट ठेवून काम करतात. कागदाखाली संस्थेचं नाव आहे. माणसाचं नाही.

मी एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाते. दार उघडताच चहाच्या आधी, कशी आहेसच्या आधी, त्या विचारतात, "सही आली का?" मी नाही म्हणते. त्या "बरं" म्हणतात आणि पातेलं चढवतात. त्या 'बरं'मध्ये रडणं नाही, थकवा नाही. त्या वाट बघतायत, आणि त्यांना वाट बघण्याचा हक्क आहे असं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही हे वाचताय. तुमच्यापैकी कोणी पेपर लिहीत असेल, कोणी अहवाल, कोणी स्मरणिका. खाली कुठेतरी 'कर्मचाऱ्यांचे आभार' अशी ओळ असेल. ती ओळ तशीच पुढे जाऊ देऊ नका. उठा, शेजारच्या खोलीत जा, काम कोणी केलं ते विचारा आणि नाव लिहा. पूर्ण. आज. आणि त्या उरलेल्या दोघांपैकी कोणी हे वाचत असाल, तर दुसऱ्याची वाट बघू नका. पत्र तुमच्या टेबलावर डिसेंबरपासून आहे. पेन उघडा आणि सही करा.